खुर्चीत दडवलेलं घबाड

प्रश्न : पुण्यात शिकायला असताना मित्रांबरोबर एका फिल्म सोसायटीच्या खेळाला गेलो होतो. जुना, काळा-पांढरा विनोदी चित्रपट. एका न्हाव्याला मावशीकडून जुन्या खुर्च्या वारसाहक्कानं मिळतात. हातात पैसे नसल्यानं तो त्या विकून टाकतो आणि मग कळतं की एका खुर्चीत घबाड शिवलेलं आहे. पुढं नुसती पळापळ. नाव आठवत नाही, भाषा कुठली तेही सांगता येत नाही. परवा मुलाला ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, ही तर रशियन कादंबरी आहे, न्हावीबिव्ही त्यात कुणी नाही. आमच्यात बरोबर कोण?
— विट्याहून एक वाचक

उत्तर : दोघंही बरोबर आहात. मी जन्मभर सांगली-मिरजेत नाटकांचं नेपथ्य लावलं. दिवाणखान्याच्या प्रवेशाला शोभतील अशा खुर्च्या कुणाच्या तरी माजघरातून मागून आणायच्या आणि प्रयोग संपला की धडक्या परत पोचवायच्या, हे माझं काम. त्यामुळे ही गोष्ट माझ्या फार जवळची आहे आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचं. खुर्च्या तेरा होत्या असं आठवत असेल, तर तुम्ही पाहिलेला चित्रपट १९३८ चा जर्मन ‘ड्रायझेन श्ट्यूले’, म्हणजे तेरा खुर्च्या. दिग्दर्शक ई. डब्ल्यू. एमो. न्हावी झालाय हाइन्ट्स र्‍यूमान, आणि ज्याला तो खुर्च्या विकतो तो जुन्या बाजारातला दुकानदार म्हणजे व्हिएन्नाचा हान्स मोझर. बुटका, कायम कातावलेला आणि शब्द तोंडातल्या तोंडात चघळत बोलणारा माणूस आठवतोय का? आठवत असेल, तर शंका नको, हाच तो. पण खुर्च्या बाराच होत्या आणि दोन माणसं दोन वेगळ्या भाषांत भांडत होती असं वाटत असेल, तर तो १९३३ चा चेक-पोलिश चित्रपट. तो मार्टिन फ्रिच आणि मिखाउ वाशिन्स्की या दोघांनी मिळून केला. चेकांचा लाडका विनोदी नट व्लास्ता बुरियान आणि पोलंडचा अडॉल्फ डिम्शा त्यात एकत्र आहेत. न्हावी दोन्हींकडे आहे, घबाडाचा पत्ता देणारी मावशीची चिठ्ठीही दोन्हींकडे आहे.

आता तुमच्या चिरंजीवांची कादंबरी. इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव या जोडीनं लिहिलेली ‘बारा खुर्च्या’ १९२८ साली आली. कल्पना पेत्रोवच्या थोरल्या भावानं, म्हणजे लेखक वालेंतिन कतायेवनं सुचवली होती, आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलेलं आहे. त्यात न्हावी नाही. आहे तो वोरोब्यानिनोव नावाचा एकेकाळचा सरदार. क्रांतीत सगळं गेलं आणि आता तो एका आडगावात जन्म-विवाहाच्या नोंदी करणारा कारकून झालाय. सासू मरताना त्याला सांगते की आपले हिरे तिनं दिवाणखान्यातल्या बारा खुर्च्यांपैकी एकीत शिवले होते. त्या खुर्च्या तर सरकारजमा होऊन कधीच्या पांगल्या. शिवाय मरणाऱ्या बाईचा कबुलीजबाब ऐकायला आलेला पाद्री फ्योदोर, त्यानंही हे ऐकलंय! तो दाढी उतरवून स्वतंत्रपणे शोधाला निघतो. आणि सरदाराला येऊन चिकटतो ओस्ताप बेंदेर. खिशात दमडी नाही, पण बोलण्यात असा पटाईत की समोरचा माणूस स्वतःहून दार उघडून देईल.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही कथा जगभर फिरली, पण प्रत्येक देशानं तिच्यात बदल कुठं केला ते बघा. चेक, पोलिश, जर्मन चित्रपटांत सरदाराचा न्हावी झाला आणि सासूचा कबुलीजबाब जाऊन मावशीचं मृत्युपत्र आलं. कारण तिथल्या प्रेक्षकाच्या घरातल्या खुर्च्या कुणी जप्त केलेल्या नव्हत्या. मग खुर्च्या हातातून जायच्या कशा? तर माणूस स्वतःच त्या विकतो. १९६९ च्या इटालियन-फ्रेंच चित्रपटातही न्हावीच आहे. तो व्हित्तोरिओ गासमननं केलाय आणि त्याच्याबरोबर शॅरन टेट आहे. तिचा तो शेवटचा चित्रपट. तो पडद्यावर आला तेव्हा तिचा खून होऊन गेलेला होता, आणि तिचं हसणं मला त्यात बघवत नाही. उलट १९६२ साली तोमास गुतिएरेस आलेआनं क्यूबात हीच कथा केली, तेव्हा न्हावी गेला आणि गडगंज घराणं परत आलं, कारण तिथं नुकतीच क्रांती झालेली होती आणि हवाना शहरात जप्त झालेल्या खुर्च्या खरोखरच हिंडत होत्या. खुद्द रशियात लिओनीद गायदायनं १९७१ साली मूळ कथेवर केलेला रंगीत चित्रपट आहे. त्यातला सर्गेई फिलिपोवचा सरदार मला सर्वांत भावतो. लांब, वाकलेला, नाकपुड्या फुगवून जुना तोरा सांभाळणारा आणि दर प्रसंगाला थोडा थोडा लाचार होत जाणारा. मेल ब्रूक्सचा १९७० चा चित्रपट अमेरिकन, पण चित्रण युगोस्लाव्हियात झालेलं. तोही बघण्यासारखा आहे.

मात्र खजिन्याच्या या सगळ्या गोष्टीत खजिना हा फक्त परवाना आहे, दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा. हिरे एकाच जागी पुरलेले असते तर एक नकाशा, एक कुदळ, संपलं. बारा खुर्च्या बारा वाटांनी गेल्या म्हणून लेखकांना आणि आपल्याला मॉस्कोतल्या इतक्या बिऱ्हाडांत डोकावता आलं. एक खुर्ची वर्तमानपत्राच्या कचेरीत. एक एका नटव्या बाईकडे, जिचा सगळा संसार तीस शब्दांत चालतो. बेंदेर तिच्याकडून खुर्ची घेतो ती चहाच्या गाळणीच्या बदल्यात, कारण ती गाळणी परदेशी फॅशनची आहे असं त्यानं तिला पटवलेलं असतं! माणूस कशाला भुलतो हे तिथं दोन पानांत कळतं.

लिलावाचा प्रसंग तर डोळ्यांसमोरून हलत नाही. उरलेल्या दहाही खुर्च्या एकदम लिलावाला येतात. बेंदेर दोनशे रुबलची बोली लावतो, हातोडा पडतो, सगळं जिंकलं. आणि वर कमिशनचे तीस रुबल भरायचे म्हटल्यावर कळतं की सरदारानं आदल्या रात्री एका तरुण मुलीवर छाप पाडायला हॉटेलात पैसे उडवलेत. तीस रुबलांपायी दहा खुर्च्या सुट्या सुट्या विकल्या जातात. माझ्या मते सगळ्या कथेची कळ या तीस रुबलात आहे. योगायोगानं नाही, त्या माणसाच्या स्वभावानं खुर्च्या पांगल्या.

आणि चार खुर्च्या जातात नाटक कंपनीत, नेपथ्यासाठी. हे वाचताना मी उभा राहिलो होतो. कंपनी त्या खुर्च्या घेऊन व्होल्गा नदीतून बोटीनं दौऱ्यावर निघते, म्हणून बेंदेरला चित्रकार असल्याची थाप मारून त्या बोटीवर चढावं लागतं. पुढं कंपनीतलाच एक मिस्त्री त्या खुर्च्या चोरून विकायला तयार होतो, पण पैसे आधी, खुर्च्या मागून, यावर तो अडून बसतो. नाटकाच्या सामानाची चोरी हा आमच्या धंद्यात मोठा कलंक. तरी तो मिस्त्री इतका खरा उतरलाय की लेखकांनी पडद्यामागं बरेच दिवस काढले असणार असं वाटतं.

पाद्र्याची कहाणी मात्र मला चटका लावते. त्याला नोंदवहीतून पत्ता मिळतो तो भलत्याच खुर्च्यांचा. बायकोला पत्रांवर पत्रं लिहून घरातल्या वस्तू विकायला लावतो, पार काळ्या समुद्रावरच्या बातुमी बंदरापर्यंत जातो, त्या खुर्च्या विकत घेतो आणि समुद्रकाठी कुऱ्हाडीनं फोडतो. स्वप्न काय होतं त्याचं? मेणबत्त्यांचा एक छोटासा कारखाना. एवढंच.

शेवट चित्रपटांनी बहुतेक मऊ केला. कादंबरीत शेवटच्या खुर्चीच्या आदल्या रात्री सरदार झोपलेल्या बेंदेरचा गळा कापतो, म्हणजे वाटा द्यायला नको. सकाळी जातो तर रेल्वे कामगारांचा नवाकोरा क्लब उभा. तिथला म्हातारा राखणदार सांगतो की खुर्ची फाटली, आतून हिरे निघाले आणि त्याच पैशांतून ही इमारत बांधली. विनोदी पुस्तकानं असा शेवट करायला छाती लागते. मुलाला म्हणावं, चित्रपट बघितलास तरी पुस्तक सोडू नकोस.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरी माणसाच्या कमरेइतकं पाणी होतं. सासूबाईंच्या माहेरून आलेल्या चार गादीच्या खुर्च्या तेव्हापासून माळ्यावर पडून आहेत. गाद्या कुजल्यात. भंगारवाला न्यायला तयार आहे. तुम्ही मागच्या अंकात खुर्च्यांच्या चित्रपटाचा उल्लेख केला होता, तो मोबाइलवर बघितल्यापासून घरात सगळे म्हणतात, आधी उसवून बघू! यात काही अर्थ आहे का? आणि दागिने कुणी खुर्चीत का ठेवेल?
— गावभाग, सांगलीहून एक गृहिणी

उत्तर : ताई, उसवून जरूर बघा, पण हिऱ्यांसाठी नाही, लाकडासाठी.

खुर्ची उलटी करा. खालून गोणपाट दिसेल, कडेनं बारीक चुका मारलेल्या. गोणपाटाच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्या, पट्ट्यांवर दोरीनं बांधलेल्या स्प्रिंगा, त्यांच्यावर काथ्या, मग कापसाचा थर आणि सगळ्यांत वर कापड. दोन स्प्रिंगांच्या मधे मूठभर पोकळी असते. तिथं कापडाची पुरचुंडी दोरीला आवळून बांधली तर वर बसणाऱ्याला काहीच लागत नाही आणि खुर्ची हलवली तरी खुळखुळत नाही. वेताच्या खुर्चीत हे जमणार नाही, तिथं आरपार दिसतं. म्हणून कादंबरीत मुद्दाम गादीच्या खुर्च्या आहेत, त्याही पीटर्सबर्गच्या गाम्ब्स या नामांकित कारागिराच्या. एका खुर्चीच्या पोटात तर हिऱ्यांऐवजी धातूची पट्टी निघते, की या खुर्चीपासून गाम्ब्स नव्या खेपेला सुरुवात करतोय, १८६५. शोधणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण माझ्यासारख्याला त्या पट्टीचं मोल हिऱ्याहून कमी वाटत नाही. आपल्या हातच्या कामावर, कुणाला दिसणारही नाही अशा जागी, त्यानं नाव घातलं.

दागिने खुर्चीत का, तर झडती. १९१७ नंतर रशियात श्रीमंतांच्या घरांच्या झडत्या होत होत्या. तिजोरी, पेट्या, उशा हे सगळं आधी बघितलं जातं. ज्या खुर्चीवर झडतीला आलेला माणूसच टेकेल, ती कोण फाडतो? आपल्याकडं हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायची रीत होती, वरून चालत गेलं तरी खाली हळद आहे हे परक्याला कळू नये अशी. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. सासूबाईंना पेवांच्या गोष्टी विचारा, माहीत असतील.

आता काम. नाकाला रुमाल बांधा, कुजलेल्या काथ्याची धूळ छातीत जाते. पकड आणि बोथट पटाशी घेऊन चुका एका बाजूनं उचकटत या. घाई करून कापड ओढू नका, नाहीतर चौकटीच्या कडा ढलप्या निघून जातात. जुनं कापड फेकू नका, नवं बेतायला तोच नमुना. गादी निघाली की चौकट हलवून बघा. सांधे ढिले असले तर घाबरायचं कारण नाही, ते उकलून परत डिंकून बसवता येतात. सागवान किंवा शिसम असेल तर पुराच्या पाण्यानं सहसा मरत नाही, फक्त सुकवताना उन्हात ठेवलेलं असेल तर तडकतं. तुमच्या खुर्च्या माळ्यावर सावलीत सुकल्यात, हे उत्तम झालं. भंगारवाल्याला मात्र देऊ नका. तो वजनावर घेईल, आणि गादी नव्यानं भरून घेतलीत तर अजून दोन पिढ्या बसतील.

प्रश्न : आमच्या शाळेत नववीच्या मुलांना दर सत्राला एक परदेशी चित्रपट दाखवतो. यंदा खजिन्याच्या शोधावरचा विनोदी हवा, असं मुलांनीच सुचवलं. बरेच जण ‘ल कोर्नियो’ सांगतात. तो दाखवावा का? दुसरा काही सुचवाल का? मुलांना इंग्रजी ओळी भराभर वाचता येत नाहीत.
— सातारा, शनिवार पेठेतून एक शिक्षिका

उत्तर : ‘ल कोर्नियो’ १९६५ चा. जेरार उरीचा चित्रपट, बुरविल आणि लुई द फ्युनेस. फ्रान्समध्ये तो एक कोटी दहा लाखांहून जास्त लोकांनी तिकीट काढून पाहिला. सुरुवातच मुलांना जिंकते. साधाभोळा दुकानदार आपल्या छोट्या गाडीतून सुट्टीला निघतो आणि एका शेठच्या बड्या गाडीनं ठोकल्यावर त्याची गाडी अक्षरशः सुट्या भागांची रास होऊन रस्त्यावर पसरते. हातात फक्त स्टिअरिंग. भरपाई म्हणून शेठ त्याला नेपल्सहून बोर्दोपर्यंत एक आलिशान कॅडिलॅक चालवत न्यायला देतो, आणि त्या गाडीत चोरीचा माल ठासून भरलेला आहे हे फक्त त्या बिचाऱ्याला माहीत नाही. बंपर सोन्याचे! खजिना शोधणारे सगळे मागून, आणि खजिना चालवणारा पुढं गाणं म्हणत. कल्पना फार सुंदर आहे. पण बाई, त्या मालात हेरॉइनही आहे. नववीची मुलं विचारणार. तुम्ही आधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्या आणि मगच ठरवा.

मी तुमच्या जागी असतो तर रेने क्लेरचा ‘ल मिलियों’ लावला असता. १९३१ चा, बोलपटांच्या अगदी सुरुवातीचा. पॅरिसमधला कर्जबाजारी चित्रकार मिशेल. खाटीक, वाणी, दूधवाला सगळे उधारीसाठी जिन्यावरून त्याच्यामागं. इतक्यात कळतं की त्याला डच लॉटरी लागली. तिकीट कोटाच्या खिशात, आणि कोट त्याच्या प्रेयसीनं, बेआत्रिसनं, पोलिसांपासून पळणाऱ्या एका म्हाताऱ्या चोराला अंगात घालायला देऊन टाकलेला. चोराच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून तो कोट ऑपेराच्या गायकाकडे जातो, गरीब नायकाच्या वेषासाठी त्याला असाच फाटका कोट हवा असतो.

मुलांना वाचायला फार लागणार नाही, कारण अर्धं काम गाण्यानं आणि पळण्यानं होतं. कोटासाठी झोंबाझोंबी सुरू होते तेव्हा क्लेर मागं रग्बी सामन्यातला प्रेक्षकांचा आरडाओरडा आणि पंचाची शिट्टी ऐकवतो, आणि कोट चेंडूसारखा या हातातून त्या हातात जातो. आवाज चित्रपटात येऊन उणीपुरी चार वर्षं झाली होती, तेव्हा या माणसाला हे सुचलं.

त्यातला ऑपेराचा प्रवेश तुम्ही स्वतः आधी बघून ठेवा. रुसलेले मिशेल आणि बेआत्रिस रंगमंचावर अडकतात आणि पडदा उघडतो. पुढं स्थूल गायक आणि गायिका, जे विंगेत एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते प्रेमगीत गातायत. मागं देखाव्याच्या आडोशाला ही दोघं दडून बसलेली. गाण्यातला शब्द न् शब्द यांना लागू पडतो. वरून कामगार कागदी पाकळ्या सोडतो, त्या पुढच्या खोट्या प्रेमिकांवरही पडतात आणि मागच्या खऱ्यांवरही. हळूहळू मिशेल तिच्याकडे सरकतो. एकही संवाद नाही. सांगली-साताऱ्याच्या ज्या माणसानं संगीत नाटकाचा प्रयोग विंगेतून बघितलाय, त्याला हा प्रवेश सगळ्यांत आधी कळेल. पुढून पौर्णिमेचं वन असतं, मागून लाकडी टेका आणि खिळे, आणि तरी पाकळ्या पडायला लागल्या की मागं उभ्या असलेल्या आमच्याही अंगावर काटा येतो.

या चित्रपटाचं नेपथ्य लाझार मेर्सोनचं. त्यानं पात्रं आणि मागचा देखावा यांच्यामधे पातळ जाळीचं कापड टांगलं होतं, म्हणून मागचं पॅरिस धुक्यात असल्यासारखं हलकं दिसतं. सरकफळीवरचा साधा रंगवलेला देखावाही जाळीतून बघितला की किती लांब जातो, हे मुलांना दाखवायचं असेल तर मच्छरदाणीचा तुकडा वर्गात घेऊन जा आणि फळ्यापुढं धरा. त्यांना चित्रपट बघण्याआधीच नेपथ्य म्हणजे काय ते कळेल.

एक व्यवस्था मात्र करा. चित्रपट सुरू होतो तो शेवटाकडून. रात्री गच्ची-छपरांवरून शेजारी नाचगाण्याचा आवाज ऐकून डोकावतात, एवढा जल्लोष कशाचा म्हणून विचारतात, आणि मग सगळी हकिकत मागून सांगितली जाते. मुलं इथं गोंधळतील. दिवे घालवायच्या आधी दोन वाक्यांत सांगून टाका की तिकीट शेवटी मिळणार आहे. काही बिघडत नाही, क्लेरनंही ते लपवलेलं नाही. उधारीवाले कोण, चोराचं दुकान कुठलं आणि गायकाला कोट का हवा, एवढं फळ्यावर मराठीत लिहून ठेवा. चित्रपट दीड तासाच्या आतला आहे, दोन तासिका जोडून घेतल्या की मधे घंटा वाजणार नाही.